स्वरयंत्रे आणि शाळेचा वर्ग : सोनारीच्या निमित्ताने

संगीताकडे उपजत ओढा असलेल्या विद्यार्थ्याला वर्गातील यंत्रांचे साहाय्य कसे व्हावे, या प्रश्नाची चर्चा बहुधा यंत्रापासून सुरू होते. ती विद्यार्थ्याच्या कानापासून सुरू व्हावयास हवी. परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे क्षेत्र. तुळजापूरही याच धाराशिव जिल्ह्यातले. गोंधळ्यांचे संबळ आणि तुणतुणे या मुलखातील मुलाला शाळेत पाऊल टाकण्यापूर्वीच परिचयाचे होऊ शकते. तुणतुण्याला तार एकच. परंतु ती आधारस्वर पुनःपुन्हा कानी घालते, आणि गाणाऱ्याचा प्रत्येक स्वर त्या आधाराशी असलेल्या नात्यानेच ओळखला जातो. स्वरज्ञानाचा हा पहिला पाठ होय.

संगीताच्या वर्गात रुळलेले जुने यंत्र म्हणजे हार्मोनियम. त्याचा आवाज वर्गभर पोचतो, ही सोय खरी. परंतु त्यावर मींड निघत नाही आणि त्याचे स्वर आधीच बांधलेले असतात. ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये त्यावर बंदी घातली; १९७१ पासून ती सैल होऊ लागली. बंदी अतिरेकी होती, आक्षेप मात्र निराधार नव्हता. तोच दोष आज स्वरमापक अॅपच्या रूपाने पुन्हा वर्गात येतो, आणि या वेळी तो परीक्षक होऊन येतो, हे अधिक चिंताजनक. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग कल्पिले, तर तंबोऱ्याच्या तारेतून स्वयंभू उमटणारा गांधार सुमारे ३८६ व्या भागावर पडतो. बारा समान स्वरांच्या मापात तो ४०० व्या भागावर असतो. अशा मापाने तपासणाऱ्या पडद्यावर, आधारस्वराशी नेमका मिळवून गाणारे मूल ‘उतरलेले’ ठरू शकते. कान खरा असून त्याच्यावरचा विश्वास मात्र उडतो. गुणी मुलाचे याहून मोठे नुकसान ते कोणते?

म्हणून यंत्र वर्ज्य करावे असे नव्हे. इलेक्ट्रॉनिक तंबोरा मुलाच्या गळ्याला मानवेल तो षड्ज देतो. तो तुणतुण्याच्याच कुळातला. ध्वनिमुद्रणाचे मोल तर त्याहून अधिक आहे. भातखंड्यांच्या स्वरलिपीने बंदिशी कागदावर टिकविल्या, पण कणांचे आणि आंदोलनांचे नेमके वळण कागदावर पुरते उतरत नाही. ते मुद्रणात राहते. संबळाचा द्रुत बोल, स्वर न बदलता, निम्म्या गतीने ऐकविला की दोन भांड्यांवरील आघात वेगळे कळू लागतात. मुलाने स्वतःचे गाणे तंबोऱ्यासह मुद्रित करून ऐकावे, कोठे ढळले ते प्रथम त्यानेच सांगावे, आणि तोवर शिक्षकाने मापकाचा पडदा झाकून ठेवावा.