पावरीचा श्वास आणि पडद्यावरच्या कांड्या

साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, पिंपळनेरच्या पुढे, मार्गशीर्षात डोंगऱ्यादेवाचा उत्सव सुरू झाला की पावरी ऐकू येते. दुधी भोपळा आणि बांबूच्या नळ्या यांचं हे वाद्य. वाजवणारा गालांत हवा साठवतो, नाकानं नवा श्वास घेतो आणि सूर तुटू देत नाही. कोकणा आणि भिल्ल नाचणाऱ्यांचे पाय त्या न तुटणाऱ्या सुरावर चालतात.

हीच पावरी आता खानदेशातल्या लग्नांत कीबोर्डवर वाजते. साक्रीतल्या एका लहानशा स्टुडिओत अशा एका गाण्याची मिडी फाइल मी पाहिली. ‘पाहिली’ असंच म्हणतो, कारण मिडीत आवाज नसतोच. कोणती पट्टी किती जोरानं दाबली, कधी दाबली, कधी सोडली, एवढ्या सूचना असतात. पडद्यावर डावीकडे उभा कीबोर्ड, उजवीकडे चौकटींचा कागद आणि त्यावर प्रत्येक स्वराची एक आडवी कांडी. या दृश्याला ‘पियानो रोल’ म्हणतात. आपोआप वाजणाऱ्या जुन्या पियानोत भोकं पाडलेली कागदाची गुंडाळी घालत, तिचं हे नाव. नावाबरोबर एक गृहीतकही आलं: स्वर म्हणजे सुरुवात आणि शेवट असलेली, एकाच उंचीवरची वस्तू.

समोरच्या फाइलमधल्या साऱ्या कांड्या सारख्या लांबीच्या, रेघेवर चिकटलेल्या होत्या; जोराचा आकडा सगळीकडे 100. ‘क्वांटाइझ’ केलेलं, म्हणजे पुढंमागं पडलेले स्वर ओढून चौकटीत बसवलेले. पण माझं लक्ष गेलं ते दोन कांड्यांमधल्या बारीक फटींकडे. पावरीत ती फट नसते. तिथं वाजवणाऱ्याचा प्राण असतो.

अशा वेळी ‘यंत्रानं लोकसंगीत मारलं’ म्हणण्याची आपल्याकडं सवय आहे. आकाशवाणीनं 1940 मध्ये हार्मोनियमवर बंदी घातली, तेव्हाही तक्रार ठरलेल्या पट्ट्यांचीच होती. मला ती इथं पुरेशी वाटत नाही. 1983 मध्ये आलेल्या मिडीत पट्ट्या 128 आहेत खऱ्या. पण स्वर वाकवायला ‘पिच बेंड’ही आहे आणि त्याच्या 16,384 पायऱ्या आहेत. कांड्यांच्या खाली त्याची रिकामी पट्टी उघडता येते. ती उघडली जात नाही, हा दोष ऐकण्याचा आहे. (आम्हा समीक्षकांचाही, आम्ही गाण्याचे शब्द तपासतो आणि थांबतो.)

स्टुडिओतल्या तरुणानं ती उघडली. कांड्यांची टोकं पुढच्या कांडीवर चढवली, बाजाचा आवाज एकसुरी केला, क्वांटाइझ काढलं आणि माउसनं एका स्वरातून दुसऱ्यात जाणारी वळणं काढली. चार ओळींना त्याला दीड तास लागला. ऐकून तो स्वतःशीच म्हणाला, “आते जीव उना.”

आला होता, अर्धा. कारण डोंगऱ्यादेवाच्या नाचात चाल किती वेळ चालायची हे नाचणारे ठरवतात. दम आणि अंगात येणं यांवर ती लांबते, आखडते. इथं आठ मात्रांचा तुकडा एकदा नीट केला आणि अठ्ठावीस वेळा पुढं चिकटवला. प्रत्येक वेळी श्वास अगदी त्याच जागी घेतला जातो. लग्नात वाजवायला त्यानं शेवटी जुनीच, फटींची फाइल दिली. नव्या फाइलवर ढोलकीचा ठेका बसत नव्हता.