'सिर्फ एक बंदा काफी है' : एक बंदा खरंच पुरेसा होता का?



आज आपण एका चित्रपटाबद्दल बोलणार आहोत आणि त्याच्या निमित्ताने एका खटल्याबद्दलही. चित्रपट आहे 'सिर्फ एक बंदा काफी है'. मे २०२३ मध्ये तो झी फाइव्हवर आला. दिग्दर्शक अपूर्वसिंग कार्की, लेखक दीपक किंगरानी, मुख्य भूमिकेत मनोज बाजपेयी. तुमच्यापैकी पुष्कळांनी तो घरी बसून पाहिला असेल. त्यातल्या बाबाला नाव नाही, सगळे त्याला नुसतं 'बाबा' म्हणतात. पण वकिलाचं नाव पी. सी. सोलंकी आहे आणि खटला जोधपूरला चालतो. त्यामुळे हा आसाराम बापूचा खटला आहे हे ओळखायला काही फार डोकं लागत नाही. आसारामच्या ट्रस्टने निर्मात्यांना कायदेशीर नोटीस धाडली, म्हणजे त्यांनीही ते ओळखलंच होतं.

आधी खटला थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं बोलणं सोपं होईल. मध्य प्रदेशात छिंदवाड्याला आसारामचं गुरुकुल होतं. तिथे शिकणाऱ्या १६ वर्षांच्या एका मुलीची प्रकृती बिघडली, तेव्हा घरच्यांना सांगण्यात आलं की हिला भूतबाधा झाली आहे, बापूंकडे न्या. ऑगस्ट २०१३ मध्ये जोधपूरजवळच्या मणाई इथल्या आश्रमात तिच्यावर लैंगिक अत्याचार झाला. आई कुटीबाहेर बसलेली होती. पुढे मुलगी आईवडिलांना घेऊन दिल्लीला गेली आणि १९-२० ऑगस्टच्या रात्री कमला मार्केट पोलीस ठाण्यात तक्रार नोंदवली गेली. त्याच २० ऑगस्टच्या सकाळी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. या दोन घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण महाराष्ट्रातल्या माणसाला ती तारीख ऐकून चटका बसल्याशिवाय राहत नाही. आसारामला इंदूरच्या आश्रमातून अटक झाली. २५ एप्रिल २०१८ रोजी जोधपूरच्या विशेष न्यायालयाने त्याला मरेपर्यंत जन्मठेप दिली. जानेवारी २०२३ मध्ये गांधीनगरच्या न्यायालयाने एका शिष्येवरच्या बलात्काराच्या दुसऱ्या खटल्यात पुन्हा जन्मठेप सुनावली.

आता चित्रपटाकडे वळू. त्यातल्या चांगल्या गोष्टी आधी सांगायला हव्यात, कारण त्या खरोखर चांगल्या आहेत. अत्याचाराचं दृश्य चवीने दाखवण्याचा मोह दिग्दर्शकाने टाळला आहे. अद्रिजा सिन्हाने साकारलेली मुलगी रडारड करत नाही, आठवून आठवून सांगते, आणि म्हणून तिच्यावर आपला विश्वास बसतो. कोर्टातला कंटाळवाणा भागही चित्रपटाने घेतला आहे. मुलीच्या वयावरून होणारा वाद बघा. ती १८ वर्षांखालची ठरली तरच 'पॉक्सो' हा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा लागू होणार. म्हणून बचाव पक्षाचा सगळा जोर तिला सज्ञान ठरवण्यावर. तिथे एक शाळेचा दाखला सगळ्या भाषणबाजीपेक्षा वजनदार ठरतो. हिंदी चित्रपटात कागदाला इतकी किंमत क्वचित मिळते. बाजपेयींचा सोलंकी घाबरतो, अडखळतो, मोठ्या वकिलांपुढे भारावूनही जातो. माणूस म्हणून तो पटतो.

आमचा आक्षेप आहे तो नावावर. 'एकच बंदा पुरेसा आहे.' आपण म्हणाल, शीर्षकच तर आहे, एवढं काय मनावर घ्यायचं? पण या शीर्षकाप्रमाणेच सगळी पटकथा बेतलेली आहे. मुलीने तक्रार केली की गोष्ट वकिलाकडे जाते आणि मग वकिलाचीच होऊन राहते. याच प्रकरणावर अजयपाल लांबा या पोलीस अधिकाऱ्यांनी लिहिलेलं एक इंग्रजी पुस्तक २०२० साली आलं. जोधपूरचा तपास त्यांच्या देखरेखीखाली झाला होता. साहजिकच त्या पुस्तकात नायकाची जागा पोलिसाकडे जाते. ज्याच्या खांद्यावर कॅमेरा, तो नायक. खोटं कोणीच बोलत नाही, पण प्रत्येक सांगण्यात बाकीची माणसं लहान होत जातात.

ही बाकीची माणसं कोण? इथे आम्हाला थोडं तपशिलात जावं लागेल.

पहिली ती मुलगी आणि तिचे आईवडील. हे कुटुंब काही बाबाच्या विरोधातलं नव्हतं. वडील वर्षानुवर्षांचे निष्ठावान भक्त. अशा माणसाने तक्रार करायची म्हणजे नुसतं पोलीस ठाण्याची पायरी चढणं नसतं. आपण ज्याच्या पायावर डोकं ठेवलं, ज्याच्या हवाली आपली मुलं केली, तो निर्णयच चुकला हे आधी स्वतःशी कबूल करावं लागतं. मग नातेवाईक, ओळखीचे, सत्संगातले सोबती, सगळे एका रात्रीत समोरच्या बाजूला जाऊन उभे राहतात. त्यानंतर चार वर्षं आठ महिने खटला चालला. तेवढा काळ हे घर ताठ उभं राहिलं. मुलीने अनेक दिवस उलटतपासणी सोसली. त्यांनी माघार घेतली असती तर जगातला कुठलाही वकील काही करू शकला नसता.

दुसरे साक्षीदार. श्रोतेहो, या प्रकरणातला सगळ्यांत जड भाग हाच आहे. आसारामचे एकेकाळचे वैद्य मे २०१४ मध्ये राजकोटला गोळीबारात जखमी झाले आणि पुढच्या महिन्यात गेले. त्याचा माजी स्वयंपाकी जानेवारी २०१५ मध्ये मुझफ्फरनगरला मारला गेला. फेब्रुवारीत एका माजी सेवकावर जोधपूरच्या न्यायालयाच्या आवारातच चाकूहल्ला झाला. तो वाचला, पण त्याच वर्षाच्या अखेरीस बेपत्ता झाला. मे महिन्यात पानिपतजवळ आणखी एका साक्षीदारावर गोळ्या झाडल्या गेल्या, तोही वाचला. जुलैमध्ये उत्तर प्रदेशात आणखी एकाचा खून झाला. हे हल्ले कोणाच्या सांगण्यावरून झाले हा वेगळ्या खटल्यांचा विषय आहे, आणि ज्या दोन निकालांत आसाराम दोषी ठरला त्यांत तो प्रश्न नव्हता. पण यांतली बरीचशी माणसं आश्रमातूनच बाहेर पडलेली होती, हे लक्षात घ्या. आतलं खरं सांगू शकणारा माणूस आतलाच असतो. त्याच्या हातून आधी बाबाची सेवा घडलेली असते, म्हणून बाहेरचे लोक त्याच्याकडे संशयाने बघतात आणि आतले लोक त्याला गद्दार म्हणतात. दोन्हीकडून मार.

चित्रपट हे हल्ले दाखवतो, नाही असं नाही. पण ते दाखवतो कशासाठी? वकिलाभोवतीचा धोका वाढला आहे हे आपल्याला कळावं म्हणून. साक्षीदार मरतो आणि आपल्याला काळजी वाटते ती सोलंकीची! मेलेल्या माणसाच्या घरी काय झालं, तो साक्ष द्यायला का तयार झाला होता, याकडे कॅमेरा वळत नाही.

आणि खरी गोष्ट पुढेच आहे. पानिपतजवळ गोळ्या झेलूनही वाचलेले साक्षीदार इतरांसोबत सर्वोच्च न्यायालयात गेले. 'महेंद्र चावला विरुद्ध भारत सरकार' या नावाने ते प्रकरण ओळखलं जातं. ५ डिसेंबर २०१८ रोजी न्यायालयाने 'साक्षीदार संरक्षण योजना, २०१८' मान्य केली आणि संसद कायदा करेपर्यंत हीच देशाचा कायदा समजा, असं सांगितलं. साक्षीदाराला असलेल्या धोक्याचा पोलिसांनी अहवाल द्यायचा, त्याप्रमाणे त्याला संरक्षण द्यायचं, गरज पडली तर ओळख लपवायची, दुसरीकडे राहायची सोय करायची, अशी ती योजना. २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही प्रत्येक राज्याने अशी योजना करावी असं कलम आहे. म्हणजे आज आपल्यापैकी कोणी कुठल्याही दांडग्या माणसाविरुद्ध साक्ष द्यायला उभं राहिलं, तर जे काही संरक्षण मागता येईल, ते या लोकांनी अंगावर गोळ्या घेऊन मिळवलेलं आहे. याच्यावर चित्रपट का निघू नये? कारण तिथे एक बंदा सापडत नाही. माणसं बरीच आहेत, विखुरलेली आहेत आणि त्यांच्यातलं कोणी जोरदार भाषण करत नाही.

भाषणावरून आठवलं. चित्रपटाच्या शेवटी सोलंकीचं ते गाजलेलं भाषण येतं. शंकर पार्वतीला रावणाच्या पापाबद्दल सांगतात, अशी ती कथा. सीतेचं हरण केलं ते पाप, पण साधूचा वेश घेऊन केलं ते महापाप, त्याला क्षमा नाही, असा तिचा मथितार्थ. टाळ्या घेणारं भाषण आहे आणि बाजपेयींनी ते केलंयही जीव ओतून. पण आपण ते जरा उलटून पाहू. इथे मोठा गुन्हा कोणाविरुद्ध ठरला? साधुत्वाविरुद्ध, श्रद्धेविरुद्ध. मुलगी बाजूला सरकली. शिवाय असं सुचवलं गेलं की दोष वेशाचा आहे. हा खोटा साधू होता, खरा असता तर काही अडचण नव्हती.

कायदा इथे या भाषणापेक्षा शहाणा आहे. साधू खरा की खोटा, हे तो विचारतच नाही. २०१३ च्या दुरुस्तीनंतर भारतीय दंड संहितेच्या कलम ३७६ मध्ये विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर असलेल्या माणसाने केलेला बलात्कार हा अधिक गंभीर गुन्हा मानला गेला, आणि या खटल्यातही ते कलम लागलं. त्या माणसाचा शब्द मोडता येत नव्हता ना, मग झालं, असं कायदा म्हणतो. आई कुटीबाहेर बसून राहिली ती कोणाच्या वेशाला फसून नव्हे. गुरूला प्रश्न विचारायचा नसतो, हे तिला आयुष्यभर शिकवलेलं होतं म्हणून. बाबा अगदी निष्कलंक असता तरी ही शिकवण तितकीच धोक्याची होती.

शिवाय गुन्हाही एका बंद्याचा नव्हता. न्यायालयाने आसारामबरोबर छिंदवाड्याच्या वसतिगृहाची वॉर्डन आणि गुरुकुलाचा संचालक यांनाही दोषी ठरवून २०-२० वर्षांची शिक्षा सुनावली. मुलीला तिथपर्यंत पोचवणारी साखळी होती, असं निकालच सांगतो. या साखळीच्या बाहेरचं वर्तुळ तर आणखी मोठं. मार्च २०१३ आठवा. महाराष्ट्रात भीषण दुष्काळ होता, माणसं हंड्यासाठी रांगा लावत होती, आणि नागपुरात आसारामच्या होळीच्या कार्यक्रमात टँकरचं पाणी भक्तांवर उडवलं जात होतं. गदारोळ झाला, निषेध झाले. पण हे पाणी, मैदानं, परवानग्या, व्यासपीठावरचे पुढारी, हे सगळं काही आकाशातून पडलं नव्हतं.

बाबा घडतो कसा, हे या चित्रपटात दिसत नाही. त्यासाठी आपल्याच मराठीतला २०११ चा 'देऊळ' पुन्हा पाहावा. गिरीश कुलकर्णींनी लिहिलेल्या आणि उमेश कुलकर्णींनी दिग्दर्शित केलेल्या त्या चित्रपटात खलनायक म्हणून बोट दाखवावं असा एक माणूस नाही. एका साध्या गुराख्याला दत्त दिसतो आणि बघता बघता पुढारी, दुकानदार, बायाबापड्या सगळं गाव त्यात ओढलं जातं. प्रत्येकाचं थोडं थोडं भलं होत असतं, म्हणून कोणी थांबवत नाही. 'देऊळ' पाहून आपण अस्वस्थ होतो, कारण आपण त्या गावात आहोत. 'बंदा' पाहून आपण सुटकेचा श्वास टाकतो, कारण आपल्या वतीने कोणीतरी लढलेलं असतं.

हा सुटकेचा श्वासच आम्हाला खटकतो. निकाल लागला, पडदा पडला, असं वाटतं. प्रत्यक्षात जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आसारामला वैद्यकीय कारणासाठी अंतरिम जामीन दिला आणि पुढे उच्च न्यायालयांनी तो वाढवला. आजारी कैद्याला उपचार मिळावेत, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण त्या जामिनाला भक्तांना घोळक्याने भेटू नये अशी अट घालावी लागली! दोन जन्मठेपांनंतरही घोळका आहेच. त्याला एक वकील पुरा पडणार नाही, एक न्यायाधीशही नाही.

मग आपण काय करायचं? मोठं काही नाही. आपल्या घरातली, नात्यातली एखादी मुलगी किंवा मुलगा एखाद्या महाराजांबद्दल, शिक्षकाबद्दल, कोणाही पूज्य माणसाबद्दल काही सांगू लागला, तर आधी 'असं बोलू नये' म्हणायचं नाही, ऐकून घ्यायचं. मुलाला बाधा झाली असं कोणी म्हटलं तर डॉक्टरकडे न्यायचं. भूत-पिशाच्चाची भीती घालून उपचार रोखणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आणि एखाद्या मठातून, आश्रमातून बाहेर पडलेला माणूस बोलू लागला, तर 'इतकी वर्षं कुठे होतास?' हा प्रश्न जरा गिळायचा. त्याच्या शेजारी बसायचं, कोर्टाच्या तारखेला सोबत जायचं.

चित्रपट जरूर पाहा. मात्र पाहताना सोलंकीच्या मागच्या बाकांवर बसलेल्या माणसांकडे लक्ष ठेवा. तुमचे काही प्रश्न असतील, आक्षेप असतील, तर आता प्रश्नोत्तरांत घेऊ.