लागू, श्रीराम
(१६ नोव्हेंबर १९२७–१७ डिसेंबर २०१९). मराठी रंगभूमी आणि मराठी-हिंदी चित्रपट यांतील श्रेष्ठ अभिनेते. जन्म सातारा येथे. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात शिक्षण. कान-नाक-घसा तज्ज्ञ म्हणून पुण्यात व टांझानियातील टबोरा येथे व्यवसाय केल्यानंतर १९६९ मध्ये वसंत कानेटकरांच्या इथे ओशाळला मृत्यू या नाटकापासून ते पूर्णवेळ नट झाले. वि. वा. शिरवाडकरांच्या नटसम्राट (१९७०) मधील गणपतराव बेलवलकरांच्या भूमिकेने त्यांची कीर्ती महाराष्ट्रभर पसरली.

चित्रपटातील त्यांच्या अभिनयाचे मर्म दोन शिक्षकांच्या भूमिकांतून उलगडते. व्ही. शांताराम यांचा पिंजरा (१९७२) हा द ब्लू एंजेल (१९३०) या जर्मन चित्रपटावर आधारलेला होता. मूळ चित्रपटातील प्राध्यापकाचा अधःपात एमिल यानिंग्झने उपहास व करुणा यांच्या सीमारेषेवर रंगविला होता. पिंजरातील गुरुजी मात्र गावाच्या मनातील आपली आदर्श प्रतिमा अभंग राहावी म्हणून स्वतःच्याच खुनाच्या आरोपाखाली फाशी पत्करतात. या भूमिकेत रंगभूमीवरील भारदस्त वाचिक अभिनयाची छाप स्पष्ट दिसते. १९७५ च्या बर्लिन महोत्सवात दाखविल्या गेलेल्या सामना या जब्बार पटेल दिग्दर्शित चित्रपटात याच्या नेमकी उलट स्थिती आहे. तेथील मास्तर व्यसनाधीन व निष्कांचन आहे. जपावी अशी प्रतिष्ठा त्याच्यापाशी उरलेली नाही. म्हणूनच मारुती कांबळे या नाहीशा झालेल्या माणसाविषयीचा प्रश्न साखरसम्राटाला विचारण्यास तो मोकळा आहे. निळू फुले यांच्या सावध, संथ हिंदुरावासमोर लागूंनी आवाजाची धार मुद्दाम बोथट केली आणि नजर व विराम यांवर भिस्त ठेवली. प्रतिमेसाठी सत्य दडविणारा शिक्षक आणि प्रतिमा गमावल्यावर सत्याचा पाठपुरावा करणारा शिक्षक, अशी ही जोडी त्यांच्या आवाक्याची साक्ष देते.

हिंदी चित्रपटसृष्टीने या सामर्थ्याचा पुरेसा उपयोग केला नाही. वडील, डॉक्टर, न्यायाधीश अशा ठरीव भूमिका त्यांच्या वाट्याला वारंवार आल्या. घरोंदा (१९७७) मधील प्रौढ, एकाकी मालक हा ठळक अपवाद असून त्या भूमिकेसाठी त्यांना सहाय्यक अभिनेत्याचे फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. रिचर्ड ॲटनबरो यांच्या गांधी (१९८२) मध्ये त्यांनी गोपाळ कृष्ण गोखले यांची भूमिका केली. सिंहासन (१९७९) व मृणाल सेन यांचा एक दिन अचानक (१९८९) हे त्यांचे अन्य उल्लेखनीय चित्रपट होत.

भूमिकेची बौद्धिक उकल करूनच भावनेकडे जाणे ही त्यांची पद्धती होती. तीमुळे क्वचित अभिनय रेखीव पण कोरडा वाटे. मात्र भावविवशतेपासून तो कायम मुक्त राहिला. हीच विवेकनिष्ठा त्यांच्या अंधश्रद्धानिर्मूलनविषयक कार्यातही दिसून येते. लमाण हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. पद्मश्री (१९७४) व संगीत नाटक अकादमीची अधिछात्रवृत्ती (२०१०) हे सन्मान त्यांना लाभले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.