गाभारा का भरला नाही?

श्रावणातल्या सोमवारी वाचल्या जाणाऱ्या कहाण्यांकडे आपले टीकाकार सहसा वळत नाहीत. त्या पडल्या देवघरातल्या, हातात अक्षता घेऊन ऐकायच्या. त्यांना साहित्य कोण म्हणणार? परंतु मला विचाराल, तर खुलभर दुधाच्या कहाणीइतकी धीट टीका आपल्या वाङ्मयात फार थोड्या ठिकाणी सापडेल. आणि ती टीका व्रत फार कडकपणे पाळू आणि पाळवू पाहणाऱ्या एका धार्मिक राजावर आहे, हे विशेष.

कथा वाचकांना ठाऊकच आहे. महादेवाचा गाभारा दुधाने भरावा असे राजाच्या मनात येते. दवंडी पिटली जाते की सोमवारी गावातले सगळे दूध देवळात आणावे. धाकाने लोक वासरांना पाजीत नाहीत, पोरांना देत नाहीत. घागरीच्या घागरी रित्या होतात, तरी गाभारा भरत नाही. दुपारी एक म्हातारी येते. घरचे काम आटोपून, पोरांना खाऊपिऊ घालून, लेकीसुनांना न्हाऊ घालून, गाईवासरांची तृप्ती करून ती आलेली असते. तिच्या खुलभर दुधाने गाभारा भरतो.

या कहाणीचे रहस्य चमत्कारात नाही, क्रमात आहे. सांगणारा म्हातारीच्या पूजेचे जेवढ्या आस्थेने वर्णन करतो, तेवढ्याच आस्थेने तिच्या घरकामाचे करतो. त्याच्या लेखी वासराला पाजणे हा पूजेचाच आरंभ आहे. दुसरी गोष्ट, म्हातारी बंडखोर नाही. ती सोमवार मोडीत नाही; गंध, फूल, अक्षता, बेल घेऊन यथासांग पूजा करते. तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. राजा तिचा हात धरतो तेव्हा ती आधी अभय मागते आणि मगच खरे बोलते. धर्माच्या कडकपणाविषयी खरे बोलायला अभय लागते, हे त्या अनाम कथाकाराला पक्के ठाऊक होते.

राजा दुष्ट नव्हता. त्याची चूक एवढीच की व्रत त्याचे आणि दूध दुसऱ्यांचे होते. स्वतः उपाशी राहणे हे व्रत. दुसऱ्याचे लेकरू उपाशी ठेवणे ही वेठ. व्रताचा आनंद कोठे संपतो आणि ओझे कोठे सुरू होते, याची रेघ मी येथे ओढतो. नियम किती कडक आहे यापेक्षा त्याचा भार कोणाच्या खांद्यावर पडतो, हे पाहावे.

मात्र सगळ्या कहाण्या या बाजूने बोलत नाहीत, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. रविवारची आदित्यराणूबाईची कहाणी घ्या. बाप राजाघरी दिलेल्या लेकीकडे जातो आणि कहाणी ऐक म्हणतो. राजा शिकारीला निघाला आहे, त्याला जेवायला उशीर होईल, म्हणून ती ऐकत नाही. तेवढ्यासाठी तिच्या घरी दारिद्र्य येते. ज्या घरकामाबद्दल सोमवारच्या म्हातारीला देव पावतो, त्याच घरकामाबद्दल रविवारच्या लेकीला शिक्षा होते! एकाच पोथीत दया आणि धाक असे शेजारी बसले आहेत. आपल्या घरांतून मात्र बहुधा धाकाचीच कहाणी अधिक मनावर घेतली गेली, असे मला वाटते. श्रावणी सोमवारी वर्गात तिसऱ्या तासाला मान टाकणारी एखादी मुलगी मी दरवर्षी पाहतो. उपास तिने धरलेला असतो की तिला धरायला लावलेला असतो, हे तिच्या चेहऱ्यावरून ओळखू येते.

सोमवारचा विषय निघाला की आम्हां वर्ध्याकडच्यांना आणखी एक सोमवार आठवतो. गांधीजी 1936 साली शेगावला राहायला आले. त्याच गावाचे पुढे सेवाग्राम झाले. सोमवार हा त्यांचा मौनाचा वार. हे मौन आरंभी त्यांनी धरले ते विश्रांतीसाठी आणि लिहिण्याला निवांत वेळ मिळावा म्हणून. त्यातली आध्यात्मिक गोडी त्यांना मागाहून कळली. आश्रमातले इतर नियम काही सोपे नव्हते, आणि कित्येकांना ते जडही गेले असतील. पण या मौनाला त्यांनी दोन दारे ठेवली होती: राज्यकारभारातील मोठ्या अधिकाऱ्याशी तातडीचे बोलणे, आणि आजाऱ्याची शुश्रूषा. 2 जून 1947 रोजी, सोमवारीच, दिल्लीत व्हाइसरॉय माउंटबॅटन फाळणीच्या योजनेविषयी त्यांना भेटले, तेव्हा जुन्या पाकिटांच्या पाठीवर लिहून त्यांनी हीच सवलत कळवली आणि तरीही मौन पाळले. दार असून न उघडणे हा त्यांचा निर्णय होता. नियमाने तो त्यांच्यावर लादलेला नव्हता. आणि आजाऱ्याचे नाव त्या सवलतीत यावे, हे सेवाग्रामला शोभणारेच होते. तेथेच कुष्ठरोगाने पीडित परचुरेशास्त्र्यांचे अंग त्यांनी स्वतःच्या हातांनी चोळले होते.

आठवड्याचा एक वार राखून ठेवण्याची रीत जगात ज्यांनी सर्वांत निष्ठेने सांभाळली ते यहुदी. त्यांच्यातले बेने इस्राएल आपल्याच कोकणचे, मराठी बोलणारे. घाण्यावर तेल गाळणे हा त्यांचा धंदा. शनिवारी घाणा बंद, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना नाव दिले शनिवार तेली. त्यांच्या शब्बाथाचे नियम बारीक आहेत. त्या दिवशी विस्तव पेटवायचा नाही, आणि धर्मशास्त्राने वर्ज्य मानलेल्या कामांचे प्रकारच 39 आहेत. परंतु याच शास्त्रात जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडावा असे सांगितले आहे. त्या दिवशी उपास करू नये, चांगलेचुंगले खावे, असेही आहे. विसावा फक्त घरधन्याला नाही. नोकराला आणि गुराढोरांनाही आहे. म्हणजे शनिवारी तेल्याबरोबर घाण्याचा बैलही सुटला पाहिजे. नियम एवढा कडक, तरी त्याचा लाभ बैलापर्यंत पोचतो. म्हणून त्याला मी आनंदाचा नियम म्हणेन. मात्र शनिवारच्या विसाव्यासाठी शुक्रवारीच रांधून ठेवणारे हात घरच्या बाईचे असणार. तिच्या वाट्याला विसावा किती आला, हे विचारल्याशिवाय त्या नियमाचाही हिशेब पुरा होत नाही.

आपल्याकडे बैलाला असा वार वर्षातून एकदा मिळतो. पोळ्याला त्याच्या मानेवर जू ठेवीत नाहीत. आदल्या दिवशी खांद शेकतात, उद्याच्या जेवणाचे आवतण देतात. दुसऱ्या दिवशी पोरे लाकडी बैल घेऊन निघतात. आमच्या जिल्ह्यात सिंदीचा तान्हा पोळा त्यासाठी प्रसिद्ध आहे. या नियमाला कधी दवंडी लागली नाही.

हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचे दिवस असतील. दिवाळीचा आरंभ होतो वसुबारसेने. सवत्स धेनूची पूजा करायची आणि व्रत करणाऱ्या बाईने त्या दिवशी गाईचे दूधतूप वर्ज्य करायचे, अशी जुनी रीत आहे. हे व्रत आणि राजाची दवंडी शेजारी ठेवून पाहा. राजाच्या सोमवारी दूध वासराच्या तोंडून काढून देवाकडे गेले. बारसेला ते माणसाच्या ताटातून सुटते. वर्ज्य दोन्हीकडे आहे, पण बारसेला ते सोडणारी बाई स्वतःचा घास सोडते.

तेव्हा घरातला कोणताही नियम, मग तो सोवळ्याचा असो, उपासाचा असो की सणाच्या पंचपक्वान्नांचा, चालवायचा की सैल करायचा, हे ठरवताना पोथी उघडण्याआधी स्वयंपाकघरात डोकावून पाहावे. तेथे कोणी दमून, न जेवता उभे असेल, तर गाभारा का भरत नाही याचे उत्तर तेथेच आहे.