चित्राचा सातबारा

शेत घेताना आपल्या पारोळ्याचा माणूस नुसता सातबारा बघून थांबत नाही, फेरफारही काढतो. नाव बदललं, पण कशाने? खरेदी, वारसा की बक्षीसपत्र? चित्राची मालकी शोधतानाही हेच करा. कॅटलॉगमधली यादी फक्त नावं सांगते.

आधी सोपं उदाहरण. पंढरपूरला जन्मलेल्या एम. एफ. हुसेन यांचं 'ग्राम यात्रा' (१९५४). दिल्लीत आलेल्या डॉ. लिऑन वोलोदार्स्की यांनी ते विकत घेतलं, १९६४ मध्ये ते दान म्हणून ओस्लोच्या रुग्णालयाकडे गेलं आणि मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात १.३७५ कोटी डॉलरला विकलं गेलं. ७० वर्षांत दोनच मालक, आणि प्रत्येक फेरफाराचं कारण समोर.

आता अवघड. टोकियोतलं व्हॅन गॉगचं 'सूर्यफुलं' हे स्थिरचित्र, म्हणजे आपण इंटरमीजिएटला काढायचो तोच प्रकार. यादीतली मुख्य नावं अशी: पॅरिसचे चित्रकार शुफनेकर, बर्लिनचे बँकर पॉल फॉन मेंडेल्सोन-बार्थोल्डी, १९३४ मध्ये विक्रेते पॉल रोझेनबर्ग, पुढे एडिथ बीटी, आणि १९८७ मध्ये २.४७५ कोटी पौंडांना जपानची यासुदा विमा कंपनी. साखळी पक्की वाटते ना? दोन ठिकाणी थांबा.

एक, शुफनेकर स्वतः चित्रकार. म्हणून ही त्यांनीच केलेली नक्कल असल्याचा संशय घेतला गेला. इथे कागद पुरला नाही, कापड बोललं. गोगँने १८८८ मध्ये आर्लला घेतलेल्या २० मीटर जाड्याभरड्या तागाच्या कापडातलाच हा तुकडा निघाला.

दोन, १९३४. हे प्रयोगशाळेत सुटत नाही. नाझी सत्तेत येऊन वर्ष झालेलं, मालक ज्यू घराण्यातले. यादीत नुसती 'विक्री' दिसते. ती दबावाखाली झाली, असं वारस म्हणतात. २०२२ मध्ये त्यांनी अमेरिकेत दावा लावला. कंपनीला तो मान्य नाही. २०२४ मध्ये कोर्टाने तो फेटाळला, पण मुख्यतः अधिकारक्षेत्राच्या मुद्द्यावर. म्हणजे दावा संपला तरी आपला प्रश्न तसाच उरतो. निकालालाच उत्तर समजू नका.

म्हणून प्रत्येक नावापुढे तीन रकाने आखा: कसं आलं, का आलं, पुरावा कोणता. भरता येत नसेल तो रकाना रिकामा ठेवा. अंदाजाने भरू नका. पुढचा संशोधक तिथूनच सुरुवात करेल.