शब्द सापडत नाही तेव्हा : वाशिम जिल्ह्यातील शालेय वर्ग आणि महाजालावरील कोश

शालेय शिक्षणातील संगणकीय साधनांविषयी आपल्याकडे जे लिहिले जाते, त्याचा रोख बहुधा साधनांच्या उपलब्धतेवर असतो. शाळेत वीज आहे काय, पडदा आहे काय, महाजालाची जोडणी मिळते काय, एवढे प्रश्न सुटले म्हणजे काम झाले, असा समज त्यामागे दिसतो. हे प्रश्न क्षुल्लक आहेत असे मला म्हणावयाचे नाही. मानोरा किंवा मालेगाव तालुक्यातील एखाद्या आडगावच्या शिक्षकास ते नित्य छळतात. परंतु ते सुटल्यावरही एक प्रश्न उरतो आणि तो भाषाशास्त्राचा आहे. वर्गात कोश उघडला, विद्यार्थ्याने आपल्या तोंडचा शब्द लिहिला, आणि तो सापडला नाही. तर यावरून त्याने काय समजावयाचे?

प्रथम साधनांचा प्रकार पाहू. बालभारतीच्या पाठ्यपुस्तकांवर छापलेली क्यूआर चिन्हे विद्यार्थ्यास ‘दीक्षा’ या २०१७ साली सुरू झालेल्या मंचावरील सामग्रीकडे नेतात. पाठ्यपुस्तकात या चिन्हांचा उपयोग करून दाखविणारे सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, हे सर्वश्रुतच आहे. या सामग्रीचा मोठा भाग म्हणजे तयार पाठ होय. तो पाहावयाचा, ऐकावयाचा, त्यावरील प्रश्न सोडवावयाचे. त्याची उपयुक्तता मान्य करूनही असे म्हणावे लागते की, यात विद्यार्थी काही शोधत नाही. जे दाखविले जाते ते पाहतो. कोश, सूची, सर्वेक्षण, ताम्रपटांची संपादने ही साधने याहून निराळ्या जातीची आहेत. विचारल्याखेरीज ती बोलत नाहीत, आणि विचारावे कसे हे ठाऊक नसेल तर भलतेच उत्तर देतात. मला येथे अशाच साधनांचा, त्यातही मुख्यतः कोशांचा, विचार करावयाचा आहे.

शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियाई भाषांचे जे कोश महाजालावर विनामूल्य ठेवले आहेत, त्यांत मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्ती आहे, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश आहे, आणि शं. गो. तुळपुळे व ॲन फेल्डहाउस यांचा १९९९ चा प्राचीन मराठीचा कोशही आहे. एके काळी जे ग्रंथ पाहण्यासाठी अमरावती-नागपूरचे ग्रंथालय गाठावे लागे, ते आज रिसोडच्या वर्गात उघडता येतात. ही गोष्ट लहान नाही. शाळेच्या दृष्टीने यांपैकी दाते-कर्वे यांचा कोश सर्वांत सोयीचा, कारण त्यातील अर्थ मराठीत दिलेले आहेत, आणि वऱ्हाडी शब्दांपुढे (व.), नागपुरी शब्दांपुढे (ना.) अशा खुणा करून त्याने प्रादेशिक शब्दांस आपल्यात जागा दिली आहे.

आता रिसोडकडील एखादी विद्यार्थिनी या कोशात ‘काया’ हा शब्द शोधते अशी कल्पना करू. तिच्या घरी काळ्या रंगास ‘काया’ म्हणतात. वऱ्हाडीत ‘ळ’ च्या जागी ‘य’ येतो, हे या पत्रिकेच्या वाचकांस सांगावयास नको. कोश तिला उत्तर देतो : शरीर, देह. शब्द मुळीच सापडला नसता तर तिने दुसरी वाट तरी शोधली असती. येथे उत्तर मिळाले, ते मुद्रित कोशाचे असल्याने प्रमाण ठरले, आणि तिच्या बोलीतील शब्दाचा त्याच्याशी काही संबंध नाही. ‘इस्तो’ शोधणाऱ्यास ‘विस्तव’ या नोंदीपर्यंत जाण्याची वाट कोणी दाखवीत नाही. ‘मले’, ‘तुले’, ‘जावाले’ ही तर चालवलेली रूपे. कोशाच्या शीर्षशब्दांत त्यांची अपेक्षाच करता येत नाही. यंत्र ‘सापडले नाही’ एवढेच म्हणते, आणि दहा-बारा वर्षांचे मूल त्याचा अर्थ ‘असा शब्दच नाही’ असा करते. शिक्षक पूर्वी ‘असे म्हणू नये’ म्हणून बजावीत असत. आता तोच निकाल पडद्यावरून मिळतो, आणि पडद्याशी हुज्जत घालता येत नाही.

यावर कोणी म्हणेल की, हा दोष बोलीचा आहे; प्रमाण मराठी लिहिणाऱ्या विद्यार्थ्यास ही अडचण येणार नाही. हा आक्षेप तपासून पाहण्यासारखा आहे. पुण्यातील एखाद्या विद्यार्थ्याने आजच्या शुद्धलेखनाप्रमाणे ‘काही’, ‘गाव’, ‘नाव’ असे लिहिले, तर मोल्सवर्थचे शीर्षशब्द ‘कांहीं’, ‘गांव’, ‘नांव’ असे आहेत. दाते-कर्वे यांचे खंड १९३२ ते १९३८ या काळात निघाले. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम शासनाने १९६२ साली मान्य केले. मधल्या काळातील सर्व अनुस्वार कोशात आपल्या जागी बसून आहेत. अर्थात प्रमाण लेखन म्हणून जे समजले जाते तेही एकसंध नाही. त्यास वर्षे आहेत. पुण्याच्या विद्यार्थ्याची अडचण काळाची, वाशिमच्या विद्यार्थ्याची काळाची आणि स्थळाची. दोघांस एकच गोष्ट शिकवावयास हवी : शोधावयाचा शब्द आणि कोशातील शीर्षशब्द यांच्यात अंतर असते, व ते नियमाने मोजता येते.

याहूनही सूक्ष्म अशी एक अडचण लिपीच्या संगणकीय लेखनात आहे, आणि तिचा फटका नेमका या प्रदेशाच्या नावालाच बसतो. ‘वऱ्हाड’ या शब्दातील अर्धा र, ज्यास आपण चंद्राकृती रफार म्हणतो, तो युनिकोडच्या व्यवस्थेत दोन रीतींनी लिहिता येतो : एकदा ‘ऱ’ हे निराळे अक्षर घेऊन, आणि एकदा नेहमीच्या ‘र’ ला हलन्तानंतर एक अदृश्य जोडचिन्ह देऊन. डोळ्यांस दोन्ही आकृती सारख्याच दिसतात; यंत्रास ते दोन शब्द वाटतात. ज्या संग्रहात या दोन लेखनांचे एकीकरण केलेले नसते, तेथे ‘वऱ्हाड’, ‘पऱ्हाटी’ किंवा ‘तऱ्हा’ हे शब्द एका पद्धतीने लिहिल्यास सापडतात, दुसरीने लिहिल्यास सापडत नाहीत. कापसाच्या मुलखातील मुलाने ‘पऱ्हाटी’ अचूक लिहावा आणि तरीही तो मिळू नये, याचे कारण शिक्षकास ठाऊक नसेल तर दोष अखेर मुलाच्याच माथी यावयाचा.

मग या साधनांचा वर्गात उपयोग करावयाचा कसा? माझे म्हणणे असे की, शब्द न सापडणे हाच पाठ समजावा. वऱ्हाडीचे दोन-तीन ध्वनिनियम सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यास सहज कळण्याजोगे आहेत, कारण ते त्याच्या जिभेवरच आहेत. ‘ळ’ चा ‘य’, ‘ण’ चा ‘न’, शब्दारंभीच्या ‘वि’ चा ‘इ’. या नियमांनी उलट जावयाचे : ‘डोया’ वरून ‘डोळा’, ‘पानी’ वरून ‘पाणी’, ‘इस्तो’ वरून ‘विस्तव’. पण उलट जाताना नियम एकमार्गी नसतात, हे लगेच दिसून येते. ‘माय’ म्हणजे आई की माळ? ‘गाय’ म्हणजे गाय की गाळ? बोलणाऱ्यास संदर्भाने कळते. शोधणाऱ्याने दोन्ही शक्यता मांडून वाक्याच्या आधारे एक निवडावी लागते. तुलनात्मक भाषाशास्त्राची ही पहिली पायरी आहे, आणि तिच्यासाठी वऱ्हाडी मूल हे पुण्याच्या मुलापेक्षा अधिक सज्ज आहे, कारण दोन रूपे त्याच्या कानांवर रोज पडतात. एकदा शीर्षशब्द हाती लागला म्हणजे कोश मग पुष्कळ काही देतो. नोंदींच्या अंतर्भागातही शोध घेता येतो ही सोय फार थोड्या शिक्षकांस माहीत असते. आमच्या पदव्युत्तर वर्गातही ती सांगावी लागते.

असे वाचन या जिल्ह्यास नवे नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे मिळालेल्या विंध्यशक्ती दुसरा याच्या ताम्रपटात आरंभीची वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यवहार प्राकृतात आहे, वा. वि. मिराशी यांनी तो आपल्या वाकाटक लेखसंग्रहात १९६३ साली पुन्हा संपादित केला. कारंजाच्या जैन भांडारांतील पोथ्या १९२६ च्या मध्यप्रांत-वऱ्हाडच्या हस्तलिखित-सूचीने विद्वानांच्या दृष्टीस आणल्या, आणि पुढे अमरावतीस अध्यापन करणाऱ्या हिरालाल जैन यांनी कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश ग्रंथ प्रसिद्ध केले. ‘करकंडचरिउ’ १९३४ चे. पोथीतील रूपावरून अपेक्षित रूपाकडे जाणे, दोन शक्यतांतून एक निवडणे, हेच त्या संपादकांचे काम होते. शालेय वर्गात ते लहान प्रमाणावर व्हावे एवढीच माझी सूचना आहे.

दुसरी गोष्ट साधनाच्या वयाची. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला; त्यातील ‘अकोला जिल्हा’ ही नोंद वाचणाऱ्या विद्यार्थ्यास आपले गाव अकोल्यात दिसावयाचे, कारण वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला. याही मागे गेले तर १९०५ पर्यंत बाशीम हा वऱ्हाडातील स्वतंत्र जिल्हा होताच. ग्रिअर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड, जो स्टेन कोनो यांनी सिद्ध केला, तोही १९०५ चाच. त्यासाठी माहिती जमा झाली ती जुन्या जिल्ह्यांनुसार. मुद्रित खंड हाती घेतला की कागदच त्याचे वय सांगतो. पडद्यावर १८५७, १९०५, १९७६ आणि कालची नोंद एकाच टंकात, एकाच पांढऱ्या पार्श्वभूमीवर येतात. वयाची ही खूण नाहीशी होणे हा माझ्या मते संगणकीय साधनांचा सर्वांत मोठा दोष आहे, आणि त्यावर वर्गात एकच उपाय : प्रत्येक उताऱ्याखाली विद्यार्थ्याने मूळ ग्रंथाचे वर्ष लिहिलेच पाहिजे.

डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साहाय्याने मराठीच्या बोलींचे जे नवे सर्वेक्षण महाजालावर आणले आहे, त्याचे स्वरूप या सर्वांहून शाळेस अधिक अनुकूल आहे. तेथे शीर्षशब्दाच्या दारातून जावे लागत नाही. कल्पना निवडावयाची आणि तिला कोठे काय म्हणतात ते नकाशावर पाहावयाचे. आपला शब्द ‘चुकीचा’ नसून दुसऱ्या ठिकाणचा आहे, हे विद्यार्थ्यास न सांगता दिसते. वऱ्हाडीची सीमा कोठे लागते यावर वर्गात वाद व्हावा आणि तो नकाशावर तपासला जावा, याहून चांगला भाषेचा तास मला सुचत नाही.

तथापि, येथवर मांडलेला उपाय या जिल्ह्यातील एका मोठ्या वर्गास लागू पडत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. पोहरादेवीच्या परिसरातील तांड्यांवरून येणाऱ्या बंजारा मुलाची भाषा मराठीची बोली नव्हे. ‘याडी’ या शब्दावरून कोणताही ध्वनिनियम ‘आई’ पर्यंत नेणार नाही. ग्रिअर्सनच्या सर्वेक्षणात ही भाषा नवव्या खंडाच्या १९०७ साली निघालेल्या तिसऱ्या भागात, भिल्ली भाषांच्या सोबत आहे; जनगणनेत ती हिंदीखाली मोजली जाते; म्हणजे साधने धुंडाळणाऱ्यास ती जेथे शोधावी तेथे नाही आणि जेथे आहे तेथे कोणी शोधावयाचा नाही. या मुलांच्या बाबतीत वर्गाने साधन वापरण्याआधी ते तयार करावे लागेल : घरातील वडीलधाऱ्यांकडून शब्द मिळवून, मराठी अर्थ देऊन, कोण कोठे बोलले याची नोंद ठेवून. पन्नास शब्दांची अशी वही ही आजच्या घटकेस त्या वर्गाजवळील सर्वांत विश्वसनीय कोश ठरेल.

येथे आपल्या विद्यापीठीय व्यवहाराचाही संबंध येतो. वऱ्हाडी व बंजारा भाषांवर विदर्भातील विद्यापीठांत प्रबंध झालेले आहेत, आणि ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरचे प्रबंध कोणासही वाचता येतात. शिक्षकास ज्या शब्दसूची हव्यात त्या या प्रबंधांच्या परिशिष्टांत असावयाच्या. पण जुने मराठी प्रबंध पुष्कळदा छायाप्रतींच्या स्वरूपात, अथवा युनिकोडपूर्व टंकांत अक्षरजुळणी करून ठेवलेले असतात. अशा टंकात पडद्यावर ‘ळ’ दिसतो, आत मात्र एखादे रोमन अक्षर किंवा विरामचिन्ह असते. त्यामुळे त्या पानावर असलेला ‘डोया’ शोधणाऱ्यास मिळत नाही. प्रबंध सादर करताना शब्दसूची युनिकोडमध्ये, शीर्षशब्द, प्रमाण रूप, गाव आणि वर्ष अशा चार रकान्यांत, स्वतंत्रपणे घ्यावी, असा नियम विभागास आपल्या पातळीवर करता येण्याजोगा आहे. ‘वऱ्हाड’ मधील रफार कोणत्या पद्धतीने लिहावयाचा, हेही त्याच नियमात ठरवून टाकावे.