‘ब्रॉड अँड बॅलन्स्ड’, पण तास किती?

माझी भाची इथे इंग्लंडमध्ये इयर नाइनला आहे. फेब्रुवारीत तिने मला शाळेच्या ऑप्शन्स फॉर्मचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, म्युझिक आणि ड्रामा एकाच कॉलममध्ये आहेत. आता काय करू?’ फॉर्मसोबत एक गुळगुळीत पुस्तिका होती. पहिल्याच पानावर लिहिलेलं: आमचा अभ्यासक्रम ‘ब्रॉड अँड बॅलन्स्ड’ आहे. म्हणजे व्यापक आणि समतोल. इथे शाळेत गेलेल्यांनी हे शब्द कुठे ना कुठे वाचलेच असतील. पॉडकास्टवर आपण पुस्तकांवर, सिनेमांवर बोलतो. आज या दोन शब्दांचं परीक्षण करू या.

हे शब्द मुळात कायद्यातले. १९८८ च्या एज्युकेशन रिफॉर्म ॲक्टमध्ये ते आले आणि २००२ च्या कायद्यातही राहिले. अकॅडमी शाळांना नॅशनल करिक्युलममधून सूट मिळाली, तरी सरकारशी होणाऱ्या त्यांच्या करारात हे दोन शब्द कायम ठेवले गेले. मुलांची नैतिक, सांस्कृतिक, मानसिक, शारीरिक, सगळीच वाढ व्हावी, असं कायदा म्हणतो. पण कुठल्या विषयाला किती तास, हे तो सांगत नाही. उलट, मंत्र्यांना तास ठरवून देता येणार नाहीत अशी तरतूदच त्यात आहे. त्यामुळे समतोल नक्की कसा साधायचा, हे शेवटी शाळेत वेळापत्रक लावणारी व्यक्ती ठरवते.

आता हिशोब बघू. समजा, दोन आठवड्यांत तासाभराचे ५० पिरियड आहेत. इयर टेनमध्ये इंग्रजीला ८, गणिताला ८, सायन्सला ९, पीईला ३, आरई वगैरेला २ दिले की ३० संपले. उरलेल्या २० मध्ये चार ऑप्शन्स, प्रत्येकी ५. त्यातही इतिहास किंवा भूगोल घ्याच, एक भाषा घ्याच, असा शाळेचा आग्रह असेल, तर मुलीच्या हातात दोनच कॉलम उरतात. म्युझिक घेणारी आठच मुलं निघाली तर तो वर्ग सुरूच होत नाही, कारण शिक्षकाचा पगार परवडत नाही. पुस्तिकेत मात्र म्युझिकचं पान असतंच.

शाळा असं का करतात? कारण त्यांचं मोजमाप तसं होतं. २०१० मध्ये ईबॅक आलं: इंग्रजी, गणित, सायन्स, भाषा, आणि इतिहास किंवा भूगोल. कलेला त्यात जागाच नाही. मग २०१६ पासून प्रोग्रेस ८. त्यात दहा घरं धरली, तर इंग्रजी आणि गणिताची दुप्पट मोजून चार, ईबॅकच्या विषयांची तीन. उरलेल्या तीन घरांत कला, नाटक, डिझाइन यांनी दाटीवाटी करायची. तिथेही ईबॅकचे विषय घुसू शकतात.

दुसरी बाजूही ऐकायला हवी. २०११ च्या वुल्फ रिव्ह्यूने दाखवून दिलं होतं, की आकडे चांगले दिसावेत म्हणून हजारो मुलांना पुढे फारशी किंमत नसलेल्या कोर्सेसमध्ये ढकललं जात होतं. गरीब घरातल्या मुलालाही इतिहास आणि फ्रेंच मिळालं पाहिजे, हा ईबॅकवाल्यांचा मुद्दा मला पटतो. पण ९० टक्के मुलांनी ईबॅक घ्यावं हे सरकारी उद्दिष्ट होतं आणि प्रत्यक्षात आकडा निम्म्यापर्यंतही गेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये बेकी फ्रान्सिस यांच्या समितीचा अहवाल आला आणि ईबॅक गुंडाळायचं ठरलं. बरं झालं. पण मोजपट्टी बदलली म्हणून आठवड्याचे तास वाढत नाहीत.

यात आपलीही एक गोष्ट आहे. गुजराती, बंगाली, पंजाबी, उर्दूत जीसीएसई देता येते आणि ती ईबॅकच्या भाषेत मोजली गेली. मराठीची जीसीएसईच नाही. त्यामुळे शनिवार-रविवारच्या मराठी शाळेत घालवलेली वर्षं या समतोलात कुठेच दिसत नाहीत.

आणि आपले आईबाबा? त्यांच्या डोक्यात अजून दहावीनंतरचं सायन्स, कॉमर्स, आर्ट्स आहे. परीक्षा जवळ आली की पीटीचा आणि चित्रकलेचा तास गणिताच्या बाई घ्यायच्या, हे त्यांनीच तर आपल्याला हसत हसत सांगितलंय. ताईने फॉर्म बघितल्याबरोबर म्हटलं, ‘कंप्युटर सायन्स टाक, म्युझिक काय घरीही होतं.’ शाळेचं वेळापत्रक आणि ताई, दोघांचं एकमत!

मी भाचीला निवड करून दिली नाही. ऑप्शन्स इव्हिनिंगला विचारायला तीन प्रश्न दिले. इयर सेव्हनपासून म्युझिकला वर्षाला खरोखर किती तास मिळाले? मागच्या तीन वर्षांत मुलं कमी म्हणून कुठले वर्ग सुरूच झाले नाहीत? आणि हे कॉलम आधी मुलांना विचारून केले, की आधी केले आणि मग विचारलं? तिसऱ्या प्रश्नावर शिक्षक जरा थांबले आणि म्हणाले, ‘आधी केले.’ मग त्यांनी तिचं नाव लिहून घेतलं. ड्रामा दुसऱ्या कॉलममध्ये हलवता येतो का, ते बघणार आहेत. तिच्यासारख्या आणखी चौघी निघाल्या तर जमेल म्हणाले. सध्या ती त्या चौघींना शोधतेय.